भिंतीवरचे आभार

परवा सकाळी कचेरीला निघालो आणि गल्लीच्या तोंडाशीच चपलेचा अंगठा तुटला. अशा वेळी शहाणा माणूस एखादा कट्टा बघून खाली बसतो. मी जवळ जो आधार दिसला त्याला पाठ टेकली, एक पाय वर घेतला आणि बगळ्यासारखा उभा राहून अंगठा जुळवायला लागलो. आधार होता आमच्या गल्लीतल्या पोरांच्या मंडळाचा फळा. त्यावर कुणीतरी नुकताच ताज्या खडूनं मजकूर लिहून ठेवला होता आणि माझ्या अंगात कचेरीचा काळा कोट होता. पुढं काय झालं ते जगाला कळलं, फक्त मला कळायचं राहिलं.

बाजारातून जाताना लोक माझ्याकडं वळून वळून बघत होते. कारकुनाकडं कुणी वळून बघत नाही, त्यामुळं मला बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर धाराशिवात आपल्याला मान मिळायला लागला, असंही एकदा मनात येऊन गेलं. शेवटी पानवाल्यानं हाक मारली, "साहेब, जरा आरशात बघा. तोंड न्हाय, पाठ बघा." मान मोडेस्तोवर वळून बघितलं. फळ्यावरची अक्षरं कोटावर उलटी उमटली होती आणि आरशात ती पुन्हा सुलटी झाली होती. दोन्ही खांद्यांच्या मधोमध 'आभार'. त्याखाली 'ज्वारी'. त्याच्याही खाली माझ्याच नावाची मागची अर्धी अक्षरं.

झालं होतं असं, की ही पोरं सध्या एक अभ्यासिका चालवतात. खेड्यातून परीक्षेला आलेली, हातानं भाकरी थापून खाणारी मुलं तिथं बसून वाचतात. मंडळ फळ्यावर रोज सकाळी खबर लिहितं: कुणी बाकडं दिलं, माठ फुटलाय, इंग्रजी शिकवणारं कुणी मोकळं असेल तर हवंय. मागच्या आठवड्यात ती पोरं पोतं घेऊन आमच्या दारात आली होती. गावाकडची वाट्याची ज्वारी नुकतीच येऊन पडली होती. मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. बायकोनं उठून सूप भरलं, पोत्यात रिकामं केलं, पुन्हा भरलं. पोरांनी आभार मात्र माझे मानले, कारण घरावर पाटी माझ्या नावाची आहे. आणि ते आभार मी माझ्याच पाठीनं पुसून बाजारभर मिरवून आलो.

कोट झटकायला गेलो तर खडूची पूड नाकात गेली. तो वास खडूचा राहिला नाही. ओल्या चुन्याचा झाला, मग ज्वारीच्या कोंड्याचा झाला, आणि कचेरीच्या दारात उभ्या उभ्या मी निजामाच्या मुलखातल्या एका सुगीत जाऊन पडलो.

सुगी म्हटलं की लोकांना भरलेल्या कणग्या आठवतात. मला आठवतो तो गळपट्टीत शिरलेला कोंडा. दिवसभर खाजतो, आंघोळ केली तरी जात नाही. शेणानं सारवलेल्या खळ्याचा वास, मधोमध रोवलेला तिवडा, त्याभोवती फिरणारे मुसकी बांधलेले बैल. मुसक्यांतूनही एखादा लबाड बैल जीभ काढून कणीस ओढायचा आणि धन्याकडं असा बघायचा की जणू आपण नाहीच. करडीच्या काट्यांनी ओरबाडलेल्या पोटऱ्या. आणि सगळ्यांत जास्त आठवतं ते वारं. खरं म्हणजे वाऱ्याचं नसणं. माणूस तिवईवर चढून, हातात भरलेलं सूप घेऊन, तोंड पश्चिमेकडं करून उभा आहे आणि वारं पडलेलं आहे. पान हलत नाही. खाली बायका गप्प बसल्यात. वाऱ्याला कुणी शिव्या देत नाही, घाईही करत नाही. सगळं खळं थांबून राहतं. त्या वर्षी आमचंही तसंच झालं. सूप धरून उभे राहिलो आणि वारं पडलं ते पडलंच.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, माळाच्या पोटात. मी तेव्हा विशीत होतो. कळंबच्या उर्दू शाळेत परीक्षेनं मला दोनदा परत पाठवलं होतं आणि तिसऱ्यांदा वडिलांनीच पाठवायचं नाकारलं होतं. गावात नापास मुलाला काम नसतं, म्हणून मी समाजसेवेला लागलो. बाकीच्यांचं तसं नव्हतं. आमच्या मंडळाचा जीव म्हणजे शिवलिंग. किराणा दुकानदार महालिंगअण्णांचा थोरला. घरात कानडी, दुकानात मराठी, अंमलदार आला की उर्दू. तिन्ही त्याच्या जिभेवर सारख्या. आणि अक्षर असं की दुकानातली गुळाची चिठ्ठीसुद्धा फेकून द्यायला जीव धजू नये. गावात वाचता येणारी माणसं मोजकीच होती आणि त्यातली निम्मी वाचून दाखवायचे काही ना काही घ्यायची. म्हणून शिवलिंगानं दिवेलागणीचा वर्ग काढला. दिवसभर रानात राबलेले गडी यायचे, पाटीवर 'ग' काढायचे आणि 'ग'च्या काठीला टेकूनच झोपायचे. मी पाढे शिकवायचो. तेराच्या पाढ्याला माझा आवाज आपोआप हळू व्हायचा. शिवलिंग म्हणायचा, "दत्ता, तू पाढा म्हणतोस का अंगाई?"

तो काळ असा, की चार माणसं एका जागी बसायची म्हटली तरी तालुक्याची परवानगी लागे. आमचा अर्ज गेला होता. कुठल्या तरी गादीखाली झोपला होता. परवानगी येईल या भरवशावर वर्ग चालू होता आणि वर्ग चालू आहे हे कळू नये या भरवशावर परवानगी.

आणि लढाई कुठं तरी लांब समुद्रापलीकडं चालली होती, तिच्यापायी आमच्या गावातलं रॉकेल संपलं होतं. कंदील होते, उजेड नव्हता. मग तेल्याकडं ज्वारी घालून करडीचं तेल आणायचं आणि मोठाल्या पणत्या लावायच्या, असं ठरलं. ज्वारी कुठली? पहिले काही दिवस शिवलिंगानं दुकानातून तेल आणलं. ते महालिंगअण्णांच्या लक्षात आलं.

अण्णा ओरडणारे नव्हते. तराजू पुसता पुसता म्हणाले, "शिवा, माझ्या तेलावर गाव शिकवू नको. गावाला शिकायचं आसंल तर गाव दाणं दील. सुगी हाय. सुगी सरंस्तोवर तुझा वर्ग लोकांच्या दाण्यावर उभा ऱ्हायला तर तू हितंच ऱ्हा, म्या काय बोलणार न्हाय. न्हाय ऱ्हायला तर चैतात गुलबर्ग्याला. मामाची आडत हाय, तिथं माणूस पायजेच."

"मंजूर," शिवलिंग म्हणाला.

मला तेव्हा वाटलं, अण्णा हरले. सुगीत दाण्याला काय तोटा?

आमच्यासारखी मंडळं आसपासच्या बऱ्याच गावांतून होती. छापील काही हाती यायचं नाही. बार्शीकडून, इंग्रजी हद्दीतून, कुणी धोतराच्या घडीत वर्तमानपत्र आणलं तर ते फाटेपर्यंत फिरायचं, पण त्यात आमची खबर कुठून असणार? आमची खबर येरमाळ्याच्या बाजारात मिळे. प्रत्येक मंडळाचा एकेक जण बाजाराला आला की घोंगड्या विकणाऱ्यांच्या ओळीमागं उकिडवा बसायचा. बघणाऱ्याला वाटावं, घोंगड्यांचा भाव चाललाय. एका गावाकडं पाट्यांचा गठ्ठा होता आणि शिकवणारं कुणी नव्हतं. दुसऱ्याकडं शिकवायला हौशी माणूस होता, पण बसायला जागा नव्हती. सोनारीहून आलेल्या एका गड्यानं सांगितलं, आमच्याकडं ढोल हाय, चामडं फाटलंय. लेझीम खेळणारी पोरं एका गावात आणि लेझिमी भलत्याच गावात. मग कोण काय कुणाला किती दिवस देणार याची बोलणी. सगळ्यांचं मिळून एक चांगलं मंडळ झालं असतं. ते वीस गावांत सांडलेलं होतं.

ती खबर शिवलिंग येऊन भिंतीवर लिहायचा. दुकानाची मागची भिंत आम्ही चुन्यानं पांढरी करून घेतली होती. येरमाळ्याच्या येडाई देवीच्या माळावर चुनखडीला काय कमी. पाटीभर खडे आणले, भाजले, विझवले. विझवताना माझ्या हाताची सालं गेली. मंडळाच्या इतिहासात माझं एवढं एकच ठळक योगदान. कोळशानं तो वर्तमान लिहायचा आणि संध्याकाळी खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा, कारण भिंतीसमोर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती फक्त काळी नक्षी होती. तरी लोक भिंतीकडंच बघत ऐकायचे. एक म्हातारा मला म्हणाला होता, "वाचता येत न्हाय, पर आपलं गाव भिंतीवर हाय हे दिसतंय नव्हं."

तर सुगी लागली आणि आम्ही खळ्याखळ्यावर निघालो. खळ्याचे रिवाज कडक असतात. पायात चप्पल नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. राशीचं माप सुरू झालं की पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. रास किती झाली हे विचारायचं नाही, धन्यानं सांगायचं नाही. कुणी आगाऊपणा केलाच तर "येडाईची किरपा" एवढंच उत्तर. नजर लागते म्हणून. आणि त्या सालात नजरेपेक्षा जबर दुसरी गोष्ट होती: सरकारची लेव्ही. पिकाचा अंदाज करून सरकार आपल्या भावानं धान्य उचलत होतं. म्हणून सगळ्या गावानं एकमुखानं सांगून ठेवलं होतं, की औंदा पीक बसलं. काही खरंच बसलं होतं. किती, ते येडाईला ठाऊक.

अशा खळ्यांवर आम्ही अनवाणी जाऊन गप्प उभं राहायचो. शिवलिंग ओंजळ पुढं करून म्हणायचा, "वर्गाच्या दिव्यासाठी." बस, एवढंच. आणि लोक द्यायचे. बलुत्याचं वेगळं, देवाचं वेगळं आणि दिव्याचं म्हणून वेगळं सूप. जी माणसं दिवसा आमच्यावर हसायची त्यांनी दिलं. ते आठवलं की मी आजही गळपट्टी झटकतो, कोंडा असावा.

शिवेवर एक खळं होतं, शेजारच्या गावच्या आप्पांचं. त्यांनी सूप भरताना हात आखडला नाही. वर म्हणाले, "माझं अर्धं आयुष्य अंगठ्यावर गेलं. पुढल्यांचं तरी जाऊ नये." त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी भाकरी घेऊन आली होती. शिवलिंगानं तिचं नाव विचारलं आणि खळ्याच्या कडेच्या मऊ धुळीत काडीनं लिहून दाखवलं: सुभद्रा. ती किती तरी वेळ त्या अक्षरांभोवती फिरत राहिली, त्यावर पाय पडू नये म्हणून बैलालाही तिनं लांबून नेलं. निघताना शिवलिंग तिला म्हणाला, "फुडल्या वर्षी पोरींचा वर्ग काढू. तू ये." तिनं बापाकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "यील की."

त्या संध्याकाळी भिंतीवर काय लिहायचं यावर मंडळात बोलणं झालं. इतक्या लोकांनी दिलंय तर आभार मानायला हवेत, यावर सगळ्यांचं एकमत. शिवाय बाजारात दुसऱ्या मंडळांना कळेल, की खळ्यावरच्या दाण्यावर दिवा चालतो, तीही चालवतील. खळ्यावर दाण्याचा उच्चार करायचा नसतो हे आमच्यातल्या प्रत्येकाला आईच्या दुधापासून माहीत होतं. पण तोंडानं बोलायचं नाही ते भिंतीवर लिहायचं नाही, असा रिवाज कुणी पाडलाच नव्हता, कारण गावात कुणी लिहीतच नव्हतं. लिहिणं ही वेगळ्या जगातली गोष्ट वाटायची. तिथं नजर लागत नाही, कोण कुणाला बघत नाही. आम्ही हुशारी म्हणून आकडा घातला नाही. फक्त नावं, आणि नावांच्या वर एक ओळ: 'सढळ हातानं सूप भरभरून देणाऱ्या या धन्यांचे दिव्याच्या वर्गातर्फे आभार.' आप्पांचं नाव सगळ्यांत वर. ती ओळ शिवलिंगानं इतकी सुरेख काढली होती, की आम्ही चार पावलं मागं सरून नुसते बघत राहिलो.

नंतर एका सकाळी पिकांची पाहणी करणारे सरकारी गिरदावर आले. घोड्यावरून उतरले, घाम पुसला, दुकानामागं सावली होती म्हणून तिथं उभे राहिले. आम्हाला वाटलं, परवानगीच्या चौकशीला आले. अर्ज गादीखालून निघाला म्हणायचा. मी धावत जाऊन पाणी आणलं, तेही सांडून. गिरदावरांना मराठी वाचता येत नव्हतं, पण अक्षराची जाण होती. भिंतीकडं बघून म्हणाले, "क्या खत है मियां, मोती पिरोए हैं. किसने लिखा?"

"जी, मैंने," शिवलिंग म्हणाला.

"पढ़ो तो सही."

आणि शिवलिंगानं वाचलं. नेहमीच्या खणखणीत आवाजात, नंतर उर्दूत अर्थ सांगत. त्याच्या मनात एवढंच, की साहेबांना कळावं, या वर्गात वावगं काही नाही, सगळा गाव पाठीशी आहे. 'सढळ'ला त्यानं उर्दूत इतका भारी शब्द काढला, की मलाच अभिमान वाटला. एकेक नाव. गिरदावर मान डोलावत होते. पटवारी त्यांच्या मागं उभा होता, तो मात्र जमिनीकडं बघायला लागला. त्याला कळलं होतं. आम्हाला कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

आप्पांच्या अंगणात उभे राहून गिरदावर एवढंच म्हणाले होते म्हणे, "फसल बैठ गई कहते हो पाटील, और सूप भर भर के खैरात?" त्यांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पुन्हा पाहणी लावली आणि भिंतीवरच्या क्रमानं घरं घेतली.

लेव्हीत ज्वारी गेली त्या दिवशी आमच्यावर कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. गाव गप्प राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खळ्यावर गेलो तर धन्यानं सूप पालथं घातलं आणि त्यावर बसून चिलीम भरायला घेतली. पुढच्या खळ्यावर लोक आम्हाला बघून राशीवर घोंगडं ओढायला लागले, पावसाळी ढग आल्यासारखे. शिवेवरच्या खळ्यावर जायची आमची छाती नव्हती. शिवलिंग एकटा गेला, मी मागं बांधावर थांबलो. आप्पा म्हणाले, "पोरा, तुजं चुकलं न्हाय. तू चांगल्यासाठीच केलंस. पर आता येऊ नगंस."   शिवलिंग बांधाकडं परत फिरला. सुभद्रा भाकरीचं फडकं घेऊन लांबूनच गेली. धुळीतलं नाव तोवर बैलांनी मोडलं होतं.

वर्गाला येणारे गडी एकेक करून कमी झाले. राग म्हणून नव्हे. ज्याच्या खळ्यावर ते राबत होते त्याच्या डोळ्यांसमोर आमच्याकडं येणं त्यांना अवघड झालं. तेल संपलं. शेवटी पणतीत वात होती आणि समोर मी होतो. शिवलिंग म्हणाला, "म्हण, तेराचा पाढा." मी म्हटला. त्या दिवशी एकदाही चुकलो नाही, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

भिंत त्यानं स्वतः पुसली. पाण्यानं नव्हे, पुन्हा चुना लावून. कोळसा खालून वर येत राहिला. एक हात दिला, दुसरा दिला, वाळल्यावर 'सढळ' पुन्हा राखाडी दिसायचं. महालिंगअण्णा मागच्या दारात येऊन बघत होते. एरवी जिंकलेला माणूस काही तरी बोलतो. अण्णा आत गेले आणि दुपारी जेवायला बसले नाहीत.

चैताची पुनव आली. येडाईची पालखी माळावर निघाली, हजारो माणसं रिवाजाप्रमाणं चुनखडीचे खडे वेचत होती. शिवलिंगानंही एक वेचला, पालखीकडं टाकायला हात उचलला आणि का कोण जाणे, खिशात घातला. चार दिवसांनी तो गुलबर्ग्याला गेला. बैलगाडीत बसताना मला म्हणाला, "भिंतीकडं बघत जा." मी पावसाळ्यापर्यंत बघितलं. मग ती बाजू खचली. पुढं निजामाचं राज्य गेलं; परवानगीचा अर्ज बहुधा त्याच्याबरोबरच गेला.

काही वर्षांनी मला नोकरी लागली आणि मुलगी बघायला वडील मला शेजारच्या गावी घेऊन गेले. ओसरीवर बसलो तर समोर आप्पा. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवायची हिंमत होईना. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"भिंतीवर आभार मानणारं मंडळ ते तुमचंच नव्हं?"

"व्हय," मी म्हणालो.

"लिहीत हुतं ते तुमीच?"

"न्हाय. म्या चुना कालवत हुतो."

ओसरीवरचे सगळे हसले. आप्पाही हसले. मग म्हणाले, "पोरगी देतो. फकस्त आभार मानू नका." मी ते वचन पाळलंय. इतक्या वर्षांत बायकोचे आभार मी एकदाही मानलेले नाहीत. ती म्हणते, ते वचनामुळं नव्हे.

तिला वाचता येत नाही. पुढल्या वर्षीचा पोरींचा वर्ग कधी निघालाच नाही. लग्नानंतर मी शिकवायला बसलो; पण मला रागवायची घाई आणि तिला चुलीवरच्या आमटीची. दोन-तीनदा बसलो, मग पाटी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून गेली. तिला तीन अक्षरं येतात, तिच्या नावाची. ती तिला मी शिकवलेली नाहीत.

शिवलिंग मला पुन्हा एकदाच दिसला. कचेरीच्या कामानं गुलबर्ग्याला गेलो होतो, आडत शोधत गेलो. पाठमोरा बसून तो पोत्यांवर कुंचल्यानं खुणा काढत होता, व्यापाऱ्यांच्या नावाची आद्याक्षरं. कुंचला तसाच सरळ चालत होता. तेच वळण, तीच जोरकस उभी रेघ. पोती गाडीवर चढत होती, पुढच्या गावी रिकामी होऊन फाटणार होती. मी म्हटलं, "शिवा, गावाकडं ये की एकदा." तो म्हणाला, "काय लिहू येऊन?" एवढंच. मग त्यानं मला चहा पाजला, मुलांची चौकशी केली, ज्वारीच्या भावाची, पावसाची. निघताना मी बघितलं, गादीजवळच्या दिवळीत चुनखडीचा एक खडा होता. तो त्याचाच असेल कशावरून? विचारलं नाही.

मंडळ म्हणजे फक्त शिवलिंगच नव्हता. बाजारात घोंगड्यांमागं बसणारी ती सगळी पोरं कुठं गेली, काही ठाऊक नाही. पाट्यांचा गठ्ठा कुठं गेला? सोनारीच्या ढोलाला चामडं मिळालं का? कधी कधी वाटतं, त्या सुगीत आमचं काही चुकलं नसतं तर दुसरं काही चुकलं असतं. वारं पडलं की पडतं. दरवर्षी सुगी येते, कोंडा उडतो, पोरं पोतं घेऊन दारात येतात; त्यांच्या डोळ्यांत तेच असतं आणि आता मला त्याकडं फार वेळ बघवत नाही. त्यांना सांगावंसं वाटतं, की बाळांनो, घ्या, पण कुणाचं लिहू नका. मग मनात येतं, आता कसली लेव्ही, कसला गिरदावर? आता लिहिलं काय अन् नाही काय, कुणाचं काही जात नाही. लिहिलेलं कुणी वाचायला थांबतच नाही. जो थांबला त्यानंही वाचलं नाही, पाठ टेकली.

संध्याकाळी घरी येताना फळ्यापाशी पोरं उभी होती. मी कोट काढून हातावर उलटा घडी करून घेतला होता, पण बातमी माझ्या आधी पोचली होती. "काका, ऱ्हाऊ द्या हो," त्यांच्यातला एक म्हणाला, "उद्या परत लिहितो तुमचं नाव." मी म्हटलं, "नका लिहू." त्याला तो विनय वाटला. "असं कसं, काका." समजावून सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरू करणार? सुगीपासून? चुन्यापासून? मी तुटक्या अंगठ्याची चप्पल ओढत घरी आलो.

बायको अंगणात होती. कोट घेतला, उजेडात धरला, त्या उलट्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिच्या नावातलं एखादं अक्षर सापडतं का बघत असावी.

"काय लिवलंय?"

"आभार."

"कुणाचं?"

"माझे. ज्वारीचे. मीच पुसले, पाठीनं."

तिनं कोट उलटा केला, ओट्याच्या कडेवर दोनदा आपटला. पांढरी पूड उडाली आणि वारं नसल्यामुळं तिथंच तरंगत राहिली. ती खाली बसल्यावर बायकोनं कोट पुन्हा सुलटा केला. मग कोट खुंटीला अडकवत म्हणाली,

"त्या सालाला तुमच्या अंगात ह्यो कोट पायजे हुता. शिवलिंगभाऊ गावातच ऱ्हायले असते."